प्रस्तावना : ‘लॉजी’ या प्रत्ययाविषयी

इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘लॉजी’ दिसलं की आपण ‘शास्त्र’ म्हणून मोकळे होतो. बायॉलॉजी म्हणजे जीवशास्त्र, सायकॉलॉजी म्हणजे मानसशास्त्र. शाळेत एवढ्यावर भागतं. पण अपॉलॉजी हे कसलं शास्त्र? आणि ट्रिलॉजी? हा शब्दसंग्रह हाती घेणाऱ्याने अशा आडमुठ्या शब्दांपासूनच सुरुवात करावी. प्रत्ययाचा स्वभाव त्यांच्यात लवकर कळतो.

मुळाशी आहे ग्रीक ‘लोगोस’. बोलणं, कथन, हिशेब, युक्तिवाद, विवेक एवढा त्याचा पसारा. तेव्हा ‘लॉजी’ म्हणजे आधी ‘अमुकाविषयीचं बोलणं’. शास्त्र हा अर्थ त्यातून पुढे निघाला. प्लेटोच्या ‘अपोलोगिया’मध्ये सॉक्रेटिस माफी मागत नाही. अथेन्सच्या न्यायसभेपुढे तो आपली बाजू मांडतो, तीही कुणाची भीड न ठेवता. इंग्रजीतही हा शब्द आधी बचावाच्या अर्थानेच आला, माफी त्याला नंतर चिकटली. ट्रिलॉजी म्हणजे तीन नाटकांचा संच. टॉटॉलॉजी म्हणजे तेच ते पुन्हा बोलणं. यांत शास्त्र कुठेच नाही, बोलणं मात्र सगळीकडे आहे.

दुसरा चकवा पूर्वपदाचा. मिटिऑरॉलॉजी हा उल्कांचा अभ्यास नव्हे. ग्रीकात ‘मेटेओरा’ म्हणजे उंचावर, अधांतरी असलेल्या गोष्टी. ॲरिस्टॉटलच्या या विषयावरच्या ग्रंथात पाऊस, वारा आणि गारांबरोबर धूमकेतू येतात, आकाशगंगा येते, अगदी भूकंपही येतो. पुढे विषय आकसला आणि हवामान तेवढं उरलं. ॲस्ट्रॉलॉजी आणि ॲस्ट्रॉनॉमी या जोडीत तर ‘लॉजी’ फलज्योतिषाकडे गेली, आणि खऱ्या शास्त्राच्या वाट्याला नियमवाचक ‘नोमोस’पासून आलेली ‘नॉमी’ आली. प्रत्यय पाहून शास्त्राची पत ठरवणाऱ्यांनी ही जोडी जरूर ध्यानात ठेवावी.

‘लॉजी’चे बरेच शब्द प्राचीन वाटतात, पण ते ग्रीकांनी कधी ऐकलेही नव्हते. आधुनिक युरोपातल्या विद्वानांनी जुन्या धातूंतून ते घडवले. आजच्या अर्थाने ‘बायॉलॉजी’ हा शब्द 1802 साली जर्मनीत ट्रेव्हिरानुसने आणि फ्रान्समध्ये लामार्कने स्वतंत्रपणे वापरला. ‘इकॉलॉजी’ 1866 साली एर्न्स्ट हेकेलने घडवली. तिच्यात ‘ओइकोस’ म्हणजे घर आहे, आणि हेच घर ‘इकॉनॉमी’तही आहे. ऑग्युस्त कोंतने रूढ केलेल्या ‘सोशिऑलॉजी’चं पूर्वपद लॅटिन आणि प्रत्यय ग्रीक, त्यामुळे व्याकरणशुद्धीच्या कैवाऱ्यांनी तेव्हा नाकं मुरडली. शब्द टिकला.

‘आयडिऑलॉजी’ची कथा मला सर्वांत मोलाची वाटते. 1796 साली देस्त्यूत द त्रासी या फ्रेंच विचारवंताने ती ‘कल्पनांचं शास्त्र’ म्हणून मांडली. त्रासी आणि त्याच्या विचाराच्या मंडळींची नेपोलियनने हेटाळणी केली, आणि ‘हवेत बोलणारे’ असा वास त्या शब्दाला लागला. आज तो विचारसरणीसाठी वापरला जातो. कल्पनांचा अभ्यास मागे पडला, त्या कल्पनाच शब्दाचा अर्थ होऊन बसल्या.

अभ्यासाचं नाव अभ्यासविषयालाच लागावं, ही घसरण या कुटुंबात जागोजाग आढळते. सह्याद्रीची जिऑलॉजी म्हणजे तिथले खडक, जमावाची सायकॉलॉजी म्हणजे त्याची मनोवृत्ती. ‘त्याची सायकॉलॉजीच वेगळी’ असं आपण मराठीत सहज बोलतो, तेव्हा हीच घसरण आपल्या तोंडी आलेली असते. तिला चूक म्हणण्यात अर्थ नाही.

मराठीने या एका प्रत्ययाला एकच प्रतिशब्द दिला नाही, हे मला तिच्या जाणतेपणाचं लक्षण वाटतं. जीवशास्त्र आणि भूशास्त्र आहेत, पण टेक्नॉलॉजी तंत्रज्ञान झाली, इंडॉलॉजी भारतविद्या, टर्मिनॉलॉजी परिभाषा आणि एटिमॉलॉजी व्युत्पत्ती. शिवाय ‘जीवशास्त्र’ हा दोन स्वतंत्र शब्दांचा समास आहे. ‘लॉजी’ इंग्रजीत एकटी उभी राहत नाही. एकोणिसाव्या शतकात थट्टेने ‘ऑलॉजी’ हे नाम रूढ झालं खरं, पण त्यातला ‘ऑ’ मुळात सांधणारा स्वर. प्रत्ययाचा तो भागच नव्हता.

या क्षेत्रात शिरायला ग्रीक भाषा यायलाच हवी असं नाही. संग्रह अकारविल्हे असला तरी तो तसा वाचू नका. ‘बिओस’, ‘गे’, ‘ओइकोस’, ‘प्सुखे’, ‘पाथोस’ असे वीस-पंचवीस घटक आधी ओळखीचे करून घ्या, मग नोंदी चाळा. एखाद्या नोंदीत आम्ही दिलेला अर्थ आणि तुमच्या वाचनात आलेला वापर जुळला नाही, तर तो वापर वाक्यासह टिपून आम्हाला कळवा.