जोडनिधी : सिॲटलचा नेबरहुड मॅचिंग फंड

अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या सिॲटल शहराच्या महापालिकेची योजना. वस्त्यांनी स्वतः ठरवलेल्या छोट्या सार्वजनिक कामांना ती अनुदान देते. स्थापना १९८८, पहिली अनुदाने १९८९ मध्ये. मूळ नाव ‘नेबरहुड मॅचिंग फंड’. मराठीत ‘जोडनिधी’ म्हटले तर अर्थाच्या जवळ जाता येते, कारण पालिका एकटी पैसे देत नाही. वस्तीने उभ्या केलेल्या वाट्याला ती जोड देते. हा वाटा रोख असतो, सामानसुमानाचा असतो आणि राबलेल्या तासांचाही असतो. तासांचा वाटा पैशाच्या बरोबरीने हिशेबात धरला जातो, हे या योजनेचे खरे वैशिष्ट्य.

पार्श्वभूमी. १९८०च्या दशकात सिॲटलचा मध्यभाग झपाट्याने वर चढत होता. ७६ मजली कोलंबिया सेंटर १९८५ मध्ये उभे राहिले. भोवतालच्या जुन्या वस्त्यांत मात्र पदपथ, शाळांची मैदाने, बागा यांच्याकडे कुणी बघत नाही, अशी नाराजी साचत गेली. नगर परिषदेने १९८७ मध्ये वस्त्यांसाठी नियोजन व साहाय्याचा कार्यक्रम मंजूर केला. पुढच्या वर्षी त्यासाठी वेगळे कार्यालय निघाले आणि महापौर चार्ल्स रॉयर यांनी त्याचे प्रमुखपद जिम डायर्स यांना दिले. डायर्स हे मुळात प्रशासनातले नव्हेत. शहराच्या दक्षिण भागातल्या रहिवाशांना संघटित करून पालिकेला जाब विचारणारे ते कार्यकर्ते होते. अशा माणसाच्या हाती पालिकेने किल्ल्या द्याव्यात, हा निर्णय त्या काळी धाडसाचाच. तीन महापौरांच्या कारकिर्दीत, २००२ पर्यंत, ते या पदावर राहिले. सुरुवातीला या कार्यालयाकडच्या जोडनिधीची वार्षिक तरतूद दीड लाख डॉलर होती; त्यांच्या कार्यकाळाच्या अखेरीस ती ४५ लाख डॉलरच्या घरात गेली. फोर्ड फाउंडेशन व हार्वर्डची केनेडी स्कूल यांच्या वतीने शासकीय नवोपक्रमांना दिला जाणारा पुरस्कार योजनेला १९९१ मध्ये मिळाला. पुढे डायर्स यांनी ‘नेबर पॉवर’ या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हा अनुभव लिहून ठेवला.

कार्यपद्धती. अर्ज एकट्या व्यक्तीला करता येत नाही. शेजाऱ्यांचा गट लागतो. गट नोंदणीकृत असलाच पाहिजे असे नाही. पैसे सांभाळायला एखादी नोंदणीकृत संस्था पुढे आली की पुरते. गटाचे दार मात्र सर्वांना उघडे हवे. बांधकामाच्या कामात वस्तीचा वाटा साधारणपणे अनुदानाइतकाच लागतो. उत्सव, आराखडा, प्रशिक्षण अशा कामांना तो निम्माही चालत आला आहे. किरकोळ रकमांचे अर्ज वर्षभर आणि मोठ्या रकमांचे ठरावीक मुदतीत, अशी विभागणी असते. मर्यादेचे आकडे वेळोवेळी बदलत गेले.

तासांचा हिशेब कसा होतो, ते नीट पाहण्यासारखे आहे. समजा, एका गल्लीला पडीक तुकड्यावर मुलांसाठी खेळाची जागा करायची आहे. अर्जाबरोबर एक यादी जोडावी लागते : कोण येणार, काय करणार, किती तास देणार. वीस जणांनी चार शनिवार पाच-पाच तास द्यायचे कबूल केले, की चारशे तास झाले. साध्या अंगमेहनतीला सगळ्यांसाठी एकच ताशी दर लागू होतो. बँकेतला अधिकारी फावडे घेऊन उभा राहिला काय किंवा हॉटेलात भांडी घासणारी बाई उभी राहिली काय, खात्यावर तासाला तेवढीच रक्कम चढते. वास्तुविशारदाने नकाशा फुकट काढून दिला तर तो व्यावसायिक दराने धरतात. पण त्याच वास्तुविशारदाने माती वाहिली तर दर मातीचाच. काम सुरू झाले की दर वेळी हजेरीचा कागद फिरतो. नाव, तास, सही. हे कागद जमा केल्यावरच हिशेब पुरा होतो.

मराठी वाचकाला इथे ‘लोकवाटा’ आठवेल. केंद्र सरकारच्या २००२च्या स्वजलधारा योजनेत पाणीयोजनेच्या खर्चाचा किमान दहा टक्के वाटा गावाने उचलायचा होता. गावाचा पैसा आणि घाम लागला की गाव योजना सांभाळील, ही त्यामागची समजूत. कल्पना तीच, वृत्तीही तीच. पण आपल्याकडे लोकवाटा ठेकेदारानेच परस्पर भरून टाकल्याच्या तक्रारी जागोजाग झाल्या आणि शब्द राहिला, वाटा गेला. सिॲटलच्या हजेरीच्या कागदाचे मोल त्यामुळे आपल्याला अधिक कळावे.

ठळक कामे. फ्रीमाँट भागात अरोरा पुलाच्या उत्तर टोकाखाली अंधारी जागा होती. तिथे कचरा पडे आणि अमली पदार्थांचा व्यवहार चाले. फ्रीमाँट कला परिषदेने त्या जागेसाठी स्पर्धा घेतली. स्टीव्ह बडानेस, विल मार्टिन, डॉना वॉल्टर आणि रॉस व्हाइटहेड या चौघांची कल्पना निवडली गेली : पुलाखाली राहणारा ट्रोल. हा स्कँडिनेव्हियन लोककथांतला राक्षस. नॉर्वे-स्वीडनहून आलेल्यांची जुनी वस्ती असलेल्या या शहराला तो परका नव्हता. लोखंडी सळया, जाळी आणि काँक्रीट यांतून १९९० मध्ये १८ फूट उंचीचे शिल्प उभे राहिले. जोडनिधीचे पैसे आणि स्वयंसेवकांचे हात त्याला लागले. जमिनीतून छातीपर्यंत वर आलेला हा राक्षस पुलाला डोक्यावर घेऊन बसल्यासारखा दिसतो. एक डोळा केसांखाली झाकलेला. दुसरा मोटारीच्या चाकाच्या झाकणाचा, म्हणून तो चमकतो. एका हाताच्या मुठीत खरीखुरी फोक्सवॅगन बीटल गाडी, जणू वरच्या रस्त्यावरून आत्ताच उचललेली. मुले त्याच्या बोटांवरून चढून खांद्यावर जातात. ज्या जागी जायला माणसे कचरत होती तिथे आता छायाचित्रांसाठी रांग लागते. २००५ मध्ये पुलाखालच्या रस्त्यालाच ‘ट्रोल ॲव्हेन्यू’ हे नाव मिळाले.

माउंट बेकर भागातल्या ब्रॅडनर गार्डन्सची कथा वेगळी आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ट्रोलपेक्षा महत्त्वाची. पालिकेच्या मालकीच्या त्या दीडेक एकर तुकड्यावर लाओसमधून आलेल्या मिएन समाजाची कुटुंबे वाफे करून भाजी पिकवत होती. १९९०च्या दशकात पालिकेने ही जमीन घरबांधणीसाठी विकायचे ठरवले. रहिवासी अडून बसले. त्यांनी सह्यांची मोहीम उघडली आणि १९९७ मध्ये नगर परिषदेला नवा नियम स्वीकारावा लागला : उद्यानाची जमीन विकायची किंवा बदलायची तर त्याच परिसरात तेवढ्याच तोलाची दुसरी जमीन द्यावी लागेल. नियम सबंध शहराला लागू झाला. मग त्याच रहिवाशांनी जोडनिधीची मदत घेऊन बाग उभी केली. तिथे भाजीचे वाफे आहेत, मुलांसाठी बास्केटबॉलचे अर्धे मैदान आहे, जुनी पवनचक्की आहे आणि रंगीत तुकड्यांच्या नक्षीने मढवलेले स्वच्छतागृह आहे. छपऱ्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बांधल्या. पालिकेशी भांडलेले लोक आणि पालिकेचाच निधी एका कामात आले, आणि भांडले म्हणून त्यांचा अर्ज बाजूला पडला नाही, ही योजनेच्या निकोपपणाची मोठी खूण आहे.

सिॲटलमध्ये सामूहिक भाजीबागांना ‘पी-पॅच’ म्हणतात. पहिली बाग १९७३ मध्ये पिकार्डो या इटालियन कुटुंबाच्या शेतावर सुरू झाली. ‘पी’ हे अक्षर त्या आडनावाचे. जोडनिधी आल्यावर अशा बागांचे जाळे शहरभर पसरले. वाफ्यातला वरकड भाजीपाला अन्नदान केंद्रांना देण्याची रीत या बागांनी जपली आहे. यांखेरीज शाळांची क्रीडांगणे, भिंतीचित्रे, ओढ्यांची सफाई, स्थानिक इतिहासाच्या नोंदी, गल्लीतले मेळे असे नाना तऱ्हेचे उपक्रम या निधीतून झाले. आजवरच्या कामांची संख्या पाच हजारांच्या वर आहे. वस्त्यांनी घातलेला वाटा, डॉलरमध्ये मोजला तर, पालिकेने दिलेल्या रकमेपेक्षा अधिक भरतो.

मर्यादा. ज्याच्याकडे मोकळा वेळ आहे, अर्ज लिहिण्याची सवय आहे आणि स्वतःचे घर आहे, त्याला अशी योजना आपसूक सोयीची पडते. दोन नोकऱ्या करणाऱ्या भाडेकरूने शनिवार कुठून आणावा? हा प्रश्न सिॲटललाही सुटला नाही. अर्जांच्या छाननीत सहभागी असलेल्या विभागीय परिषदांवर वयस्क, गोऱ्या घरमालकांचा वरचष्मा असल्याची टीका झाली. जुलै २०१६ मध्ये महापौर एड मरी यांनी या परिषदांशी असलेले पालिकेचे अधिकृत संबंध तोडले. परिषदांतल्या अनेकांना तो अन्याय वाटला. वर्षानुवर्षे फुकट राबणाऱ्यांना एका आदेशाने बाजूला केले, हे त्यांचे म्हणणे अगदीच डावलण्यासारखे नव्हते. पण भाडेकरू, निर्वासित आणि तरुण यांच्यापर्यंत योजना नेण्याची गरजही तितकीच खरी होती. अनेक भाषांतून माहिती देणे, लहान रकमांचे अर्ज सोपे करणे हे उपाय त्यातूनच आले. दुसरी अडचण देखभालीची. उद्घाटनाच्या दिवशी शंभर माणसे असतात. तिसऱ्या वर्षी तण काढायला चौघेच उरतात.

अन्यत्र. इंग्लंडमध्ये २०११ ते २०१५ या काळात ‘कम्युनिटी फर्स्ट’ या सरकारी कार्यक्रमात जवळपास याच नावाचा निधी होता. सुमारे सहाशे मागास प्रभागांतल्या गटांना त्यातून २५० ते २५०० पौंड मिळत, आणि स्वयंसेवकाचा तास ११.०९ पौंडांचा धरला जाई. सरकारी खाते नको असेल तर दुसऱ्याही वाटा निघाल्या. बॉस्टनमध्ये २००९ साली सुरू झालेल्या ऑसम फाउंडेशनच्या शाखेत दहाएक जण दरमहा शंभर-शंभर डॉलर काढतात आणि जमलेले हजार डॉलर एका कल्पनेला, कोणतीही अट न घालता, देऊन टाकतात. डेट्रॉइटमध्ये २०१० साली सुरू झालेल्या ‘डेट्रॉइट सूप’ या उपक्रमात पाच डॉलर देऊन आत शिरायचे, सूप, सॅलड आणि पाव घ्यायचा, चौघांनी मांडलेल्या चार योजना ऐकायच्या, जेवता जेवता शेजारच्याशी बोलायचे आणि मत द्यायचे. दारावर जमलेली सगळी रक्कम विजेत्या योजनेला मिळते. विजेता पुढच्या एखाद्या जेवणाला परत येतो आणि पैशाचे काय केले ते सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो.