मार्जोरी स्कार्डिनो

डेम मार्जोरी मॉरिस स्कार्डिनो (जन्म: २५ जानेवारी १९४७, फ्लॅगस्टाफ, ॲरिझोना) या अमेरिकेत जन्मलेल्या ब्रिटिश उद्योग-व्यवस्थापक आहेत. इ.स. १९९७ ते २०१२ या काळात त्या पिअर्सन या प्रकाशन कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकारी होत्या. लंडन शेअर बाजाराच्या एफटीएसई १०० निर्देशांकातील कंपनीचे हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांचे कार्य मुख्यत्वे कंपन्यांच्या संचालक मंडळांवर आणि ना-नफा संस्थांच्या नियामक मंडळांवर राहिले.

प्रारंभिक जीवन

स्कार्डिनो यांचे बालपण टेक्सास राज्यातील टेक्सारकाना येथे गेले. बेलर विद्यापीठातून पदवी घेतल्यानंतर त्यांनी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेत काम केले. तेथेच त्यांची पत्रकार अल्बर्ट स्कार्डिनो यांच्याशी ओळख झाली; पुढे दोघे विवाहबद्ध झाले. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठातून कायद्याची पदवी मिळवून त्यांनी जॉर्जिया राज्यातील सव्हाना येथे वकिली केली. इ.स. १९७८ मध्ये या दांपत्याने तेथे 'जॉर्जिया गॅझेट' हे साप्ताहिक सुरू केले. त्यातील अग्रलेखांसाठी अल्बर्ट यांना इ.स. १९८४ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. मात्र आर्थिक अडचणींमुळे पुढच्याच वर्षी साप्ताहिक बंद पडले.

प्रकाशन क्षेत्रातील कारकीर्द

इ.स. १९८५ मध्ये स्कार्डिनो यांनी 'द इकॉनॉमिस्ट'च्या उत्तर अमेरिकेतील व्यवसायाची सूत्रे हाती घेतली. इ.स. १९९३ मध्ये त्या इकॉनॉमिस्ट समूहाच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या.

इ.स. १९९७ मध्ये त्या पिअर्सनमध्ये आल्या, तेव्हा कंपनीकडे 'फायनान्शियल टाइम्स' व पेंग्विन यांच्याबरोबरच मादाम तुसाद मेणपुतळ्यांचे संग्रहालयही होते. असंबद्ध व्यवसाय विकून शिक्षणावर लक्ष केंद्रित करण्याचे धोरण त्यांनी अवलंबिले. इ.स. १९९८ मध्ये सायमन अँड शूस्टरचा शैक्षणिक विभाग ४.६ अब्ज डॉलरच्या व्यवहारात घेण्यात आला. अभियांत्रिकी व विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांमुळे भारतातही परिचित असलेली प्रेंटिस हॉल ही संस्था त्याच विभागात होती. इ.स. २००० मध्ये परीक्षा-मूल्यमापन क्षेत्रातील नॅशनल कॉम्प्युटर सिस्टिम्स ही कंपनी २.५ अब्ज डॉलरला विकत घेतल्याने पाठ्यपुस्तक आणि परीक्षा हे दोन्ही व्यवसाय एकाच छताखाली आले. इ.स. २००२ मध्ये त्यांना 'डेम' हा किताब मिळाला. इ.स. २०१२ च्या अखेरीस त्या पदावरून दूर झाल्या व जॉन फॅलन त्यांचे उत्तराधिकारी झाले.

ना-नफा संस्थांमधील कार्य

शिकागोस्थित मॅकआर्थर फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळाच्या त्या अध्यक्षा होत्या. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या आरोग्यशिक्षण संस्थेच्या परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. डिसेंबर २०१३ मध्ये त्या ट्विटरच्या संचालक मंडळावरील पहिल्या महिला ठरल्या. त्यापूर्वी हे मंडळ केवळ पुरुषांचे असल्याबद्दल कंपनीवर टीका झाली होती.

पिअर्सन फाउंडेशनविषयीचा वाद

शैक्षणिक प्रकाशन कंपनी आणि तिने स्थापिलेली धर्मादाय संस्था यांच्यातील सीमारेषा कोठे असावी, हा प्रश्न पिअर्सन फाउंडेशनच्या प्रकरणात पुढे आला. फाउंडेशनने शालेय अभ्यासक्रम विकसित केले. परंतु ते पुढे पिअर्सन कंपनीने विकावेत असा उद्देश होता, असे न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांच्या चौकशीत आढळले. करसवलत मिळणाऱ्या संस्थेचा निधी मूळ कंपनीच्या नफ्यासाठी वापरला जाऊ नये, हा यातील कायदेशीर मुद्दा होता. डिसेंबर २०१३ मध्ये ७७ लाख डॉलरचा समझोता झाला. रकमेचा बहुतांश भाग शिक्षकांच्या भरती व प्रशिक्षणासाठी राखून ठेवण्यात आला. आपण कायद्याचे पालन केले असे सांगतानाच, कंपनीशी असलेले संबंध अधिक पारदर्शक असू शकले असते, हे फाउंडेशनने मान्य केले. समझोत्याच्या वेळी स्कार्डिनो पिअर्सनमध्ये नव्हत्या. अभ्यासक्रमांचे काम मात्र त्यांच्या कार्यकाळात सुरू झाले होते. इ.स. २०१४ मध्ये पिअर्सनने फाउंडेशन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.