तळ घासण्याआधी

2019 साली लखनौच्या छतर मंझिलच्या जीर्णोद्धाराचे काम चालू असताना महालालगतच्या जमिनीतून एक लाकडी होडी निघाली. लांबी चाळीस फुटांच्या पुढे. वर्तमानपत्रांनी तिला लगोलग नवाबाचा ‘गोंडोला’ करून टाकले, आणि पुढच्या चर्चेचा रोख ती कोणाची, कशी सजवलेली असेल, आत कोण बसत असेल इकडेच राहिला. जुनी लाकडी वस्तू हाती आली की आपल्याकडे हात आधी फडक्याकडे जातो. चिखल धुवा, काळे चट्टे आणि ओरखडे घासून काढा, तेलाचा हात फिरवा आणि कठड्यामागे मांडून ठेवा. होडीच्या बाबतीत ही घाई महागात पडते. तिच्या तळावरचे काही डाग काढलेच पाहिजेत हे खरे, पण काही डाग काढणे म्हणजे दप्तर जाळणे आहे. कोणते डाग कोणत्या वर्गातले, हे नदीचा आणि डागडुजीचा इतिहास ठाऊक असल्याशिवाय ठरत नाही. लखनौच्या नौकांचा इतिहास मात्र आजवर पाण्याच्या रेषेच्या वरूनच लिहिला गेला आहे.

त्याला कारण आहे. पाहणाऱ्याला दिसले तेच त्याने टिपले, आणि नवाबांनी दाखवण्याजोगे बरेच केले होते. सादत अलीखानाने इंग्लंडहून लखनौच्या गोमती नदीसाठी लोखंडी पूल मागवला. त्याचा मुलगा गाझीउद्दीन हैदर याच्यासाठी 1819 च्या सुमारास लखनौत एक आगबोट बांधली गेली. तिचे आठ अश्वशक्तीचे इंजिन डर्बीशायरच्या बटर्ली कारखान्याचे होते. हिंदुस्थानातल्या पहिल्या आगबोटींत तिची गणना होते. 1824 मध्ये बिशप हेबर लखनौला आला, तेव्हा त्याने या आगबोटीची आणि युद्धनौकेसारख्या सजवलेल्या दुसऱ्या एका नौकेची नोंद केली, त्यावरून नवाबाच्या यांत्रिक हौसेबद्दल मत दिले आणि तो पुढे गेला. 1858 मध्ये फेलिचे बिआटोने छतर मंझिलचे छायाचित्र घेतले. त्यात महालासमोर माशाच्या आकाराची राजनौका उभी दिसते. मासा हे अवधच्या राज्याचे चिन्ह, म्हणून त्या नौकेबद्दल पुष्कळ लिहिले गेले. माशाचे पोट पाण्याखाली होते, त्याबद्दल कोणी लिहिले नाही. नवाब वाजिद अलीशाह 1856 मध्येच कलकत्त्याला निघून गेला होता आणि पुढे छतर मंझिलमध्ये इंग्रज अधिकाऱ्यांचा क्लब आला. नौका ठाकठीक ठेवणारी माणसे कोण, त्यांना काय मिळे, वर्षातून कितीदा नौका काठावर ओढल्या जात, हे या वर्णनांतून कळत नाही. या प्रश्नांचा एकच साक्षीदार उरतो, आणि तो म्हणजे लाकूड.

हा साक्षीदार काय सांगू शकेल, हे गोमतीच्या स्वभावावर अवलंबून आहे. ती हिमालयाच्या बर्फातून येत नाही. पिलिभीत जिल्ह्यात माधोटांड्याजवळच्या तळ्यातून निघते, भूजलावर आणि पावसावर जगते, वळसे घेत वाहते आणि उन्हाळ्यात उथळ होते. पावसाळ्यात तीच नदी काठच्या इमारतींत शिरे. क्लॉड मार्टिनने 1781 मध्ये बांधलेल्या आणि पुढे छतर मंझिलच्या संकुलात सामावलेल्या फर्‍हत बख्श कोठीची तळघरे पुराच्या पाण्यात बुडत, तेव्हा राहणारा वरच्या मजल्यावर जाई. अशा नदीत होडीला इजा होते ती वाळूवर टेकल्याने, घाटाच्या पायऱ्यांना आणि नावांच्या पुलाला घासल्याने, काठावर ओढताना. वाळूवरची घासण तळाच्या मध्यावर लांब, एका दिशेच्या रेघा उठवते. घाटाची टक्कर कडेला, पाण्याच्या रेषेच्या आसपास, तुटक चट्टे पाडते. पहिल्या प्रकारचे व्रण जास्त असतील तर ती होडी उन्हाळ्यातही चालवली जात होती, म्हणजे ती नुसती मिरवणुकीची नव्हती, असा तर्क करता येतो. दुसरेच जास्त असतील तर ती बहुधा महालाच्या पायरीला बांधलेली असे.

कोकणात हाच तळ वेगळी गोष्ट सांगतो. समुद्रात चार महिने राहिलेल्या गलबताच्या बुडाला कालवे आणि शेवाळ चिकटते, वेग मंदावतो, आणि लाकूड पोखरणारा किडा आतून फळी खातो. तेव्हा तळ खरवडणे ही तिथे आरमाराची गरज होती. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीत गिर्ये येथे खडक कोरून केलेली मराठ्यांची गोदी या गरजेतूनच उभी राहिली. रत्नागिरीच्या जुन्या गॅझेटियरमध्ये तिची लांबी 355 फूट आणि रुंदी 227 फूट दिली आहे. भरतीला जहाज आत घ्यायचे आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या तळाचे काम उरकायचे, असा तिचा वापर. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीने गोद्या बांधल्या त्याही याच हिशेबाने. गोड्या पाण्यात कालवे नाहीत, तो किडाही नाही. म्हणून गोमतीकाठी गोदी लागली नाही, आणि गोदी नाही म्हणून डागडुजीची कागदपत्रेही साचली नाहीत. कोकणच्या जहाजाबद्दल आपण दप्तरांतून बोलू शकतो. लखनौच्या होडीबद्दल बोलायचे तर फळीलाच विचारावे लागते.

काळ्या चट्ट्यांचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. सफाई करणाऱ्याला ती घाण वाटते, पण बहुतेक वेळा तो लेपाचा उरलेला थर असतो. गंगेच्या खोऱ्यात होडीच्या तळाला गाबाच्या कच्च्या फळांचा चिकट रस लावत. तो वाळला की काळपट, पाणी न शिरणारा पापुद्रा बनतो. फळ्यांच्या सांध्यांत सूत कोंबून वर राळ भरली जाई, आणि सालवृक्षाची राळ अवधला परकी नव्हती, कारण बहराइच आणि खेरीच्या तराईत सालाची जंगले होती. कोळशाचे डांबर नंतर आले. कलकत्त्याच्या रस्त्यांवर 1857 मध्ये गॅसचे दिवे लागले, आणि कोळशापासून गॅस काढला की डांबर आपसूक उरते. पुढे तेच स्वस्त डांबर होडीवाल्यांचा नेहमीचा लेप झाले. तेव्हा तळावर नुसते गाब आणि राळ असेल तर होडी नवाबी काळातली असण्याची शक्यता वाढते, आणि कोळशाचे डांबर लाकडाला थेट चिकटलेले असेल तर ‘नवाबाचा गोंडोला’ हे नाव जपून वापरावे लागेल. यावर आक्षेप निघेल की कोळशाचे डांबर इंग्लंडात 1781 पासून बनत होते, डंडोनाल्डच्या सरदाराने त्याचे पेटंटच घेतले होते, आणि इंजिन मागवणाऱ्या नवाबाला डांबराची पिंपे मागवणे काय कठीण? आक्षेप बरोबर आहे. एका थरावरून साल काढता येत नाही. पण थरांचा क्रम, त्यांच्यामध्ये अडकलेली वाळू, खिळ्यांचा घाट आणि लाकडाची जात यांचे मिळून बरेच काही सांगता येते. तारेच्या ब्रशने पहिला नाश होतो तो याच क्रमाचा.

दुसरा आक्षेप पुरातत्त्वातला माणूस घेईल. दीड-दोन शतके गाळात पडलेल्या लाकडावरचे ओरखडे होडीच्या हयातीतले की गाडले गेल्यानंतरचे? काही तर खोदणाऱ्याच्या कुदळीचेही असतील. पण हे ओळखता येते. कुदळीचा घाव ताज्या रंगाचा असतो. जुन्या घासणीत लेपाचे कण दाबलेले असतात, आणि होडी वापरात असताना पडलेल्या खाचेवर पुढच्या वर्षीचा लेप चढलेला असतो. म्हणजे खूण जुनी आहे याचा पुरावा तिच्यावरच्या काळ्या थरातच आहे. तिसरे म्हणणे असे की घाण ठेवली तर लाकूड कुजेल. गाळ काढायलाच हवा, त्यात दुमत नाही. मात्र अनेक वर्षे ओल्या मातीत राहिलेल्या लाकडातला सेल्युलोज बराचसा नाहीसा झालेला असतो, पेशींच्या भिंती पाण्यानेच तोलून धरलेल्या असतात, आणि पृष्ठभाग नखानेही खरवडतो. अशा लाकडावर मऊ ब्रश आणि पाण्याचा हलका फवारा चालतो. काही ठिकाणी बोटेच बरी. वाळू दिले तर ते आकसून तडकते. स्वीडनचे ‘वासा’ हे जहाज 1961 मध्ये वर काढल्यावर त्याच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे फवारे 17 वर्षे मारावे लागले. लखनौच्या होडीला तेवढा थाट परवडणार नाही, पण घाईचे समर्थन पैशाच्या अडचणीने होत नाही. ओले गोणपाट आणि सावली यांना खर्च तो किती?

सगळ्यांत वजनदार आक्षेप होडीवाल्याचा आहे. गोमतीवर आजही निषाद कुटुंबे होड्या चालवतात. त्यांच्यासाठी तळावरचा चट्टा म्हणजे पाणी शिरण्याची जागा. होडी उलटी करायची, जुने डांबर खरवडायचे, सांधे बघायचे आणि नवा हात द्यायचा. त्यांना ‘खुणा जपा’ असे सांगणे म्हणजे शहाण्याने उपाशी माणसाला पथ्य सांगणे. हे मान्यच केले पाहिजे. चालत्या होडीचा तळ साफ करणे हा तिच्या आयुष्याचा भाग आहे, आणि गाडलेल्या होडीवर लेपाचे थर सापडलेच तर तेही कोणीतरी असेच खरवडून, माखून दिलेले असतील. फायबरच्या होड्यांचा प्रश्न तर निराळाच आहे. 1960 च्या पुरानंतर गोमतीला बांध आले आणि 2015 नंतर शहराजवळचा काठ काँक्रीटचा झाला. त्या भिंतीला घासून फायबरवर उठलेले रबराचे काळे पट्टे सौम्य द्रावणाने जातात. ओरखडा काढायचा तर वरचा रंगीत थर थोडा झिजवावा लागतो, आणि तो जेमतेम अर्धा मिलिमीटर असल्याने हे वारंवार करता येत नाही. त्यात जपण्याजोगा इतिहास अजून तयार व्हायचा आहे.

छतर मंझिलच्या इमारतीत 1951 पासून सहा दशके केंद्रीय औषध संशोधन संस्था होती. तिथे रेणूंचा अभ्यास झाला आणि बाहेर जमिनीखाली ही होडी पडून होती. काळ्या थराचे नमुने तपासण्याची विद्या या शहरात आहे, ती बाहेरून आणावी लागणार नाही. कामाचा क्रम तेवढा सांभाळायचा. आधी तिरप्या उजेडात तळाची संपूर्ण छायाचित्रे घ्यावीत, मग प्रत्येक फळीवरच्या घासणीची दिशा आणि जागा कागदावर उतरवावी, मग थरांचे नमुने निदान पाच-सहा ठिकाणांहून काढावेत. त्यानंतर पाण्याची नळी.