पीएसटी फाइल

पीएसटी फाइल ही मायक्रोसॉफ्ट आउटलुक या ईमेल सॉफ्टवेअरमधील माहिती संगणकावर साठवणारी फाइल आहे. ईमेल, संपर्क, दिनदर्शिकेतील नोंदी आणि कामांच्या याद्या या एकाच फाइलमध्ये असतात. ही फाइल आउटलुकपासून वेगळी असल्यामुळे मायक्रोसॉफ्ट ऑफिसची जुनी आवृत्ती काढून नवी बसवली तरी ती संगणकावर कायम राहते.

स्वरूप व मर्यादा

आउटलुक ९७ ते आउटलुक २००२ या आवृत्त्यांमध्ये फाइलची कमाल मर्यादा २ जीबी होती. हे जुने स्वरूप युनिकोडवर आधारित नव्हते. विंडोजमध्ये देवनागरीसाठी युनिकोडखेरीज पर्याय नसल्याने मराठी ईमेलच्या विषयाच्या जागी प्रश्नचिन्हे उमटत. आउटलुक २००३ मध्ये युनिकोड स्वरूप आले व मर्यादा २० जीबी झाली. आउटलुक २०१० मध्ये ती ५० जीबी करण्यात आली. जुन्या स्वरूपातील फाइल नव्या आवृत्तीत उघडते, परंतु तिचे आपोआप रूपांतर होत नाही. त्यासाठी नवी फाइल तयार करून मजकूर तिच्यात हलवावा लागतो.

नवी आवृत्ती बसवल्यानंतरच्या अडचणी

नव्या आवृत्तीत जुने ईमेल न दिसल्यास ते नष्ट झाले आहेत, असा समज होतो. बहुतेक वेळा आउटलुकची नवी प्रोफाइल तयार झालेली असते व ती रिकाम्या फाइलशी जोडलेली असते. अशा वेळी जुनी फाइल शोधून आउटलुकमध्ये उघडल्यास ईमेल पुन्हा दिसतात. आउटलुक २००७ व त्यापूर्वीच्या आवृत्त्या ही फाइल विंडोजच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवत असल्याने ती सहज सापडत नाही. आउटलुक २०१० पासून नव्या फाइली 'डॉक्युमेंट्स'मधील 'आउटलुक फाइल्स' या फोल्डरमध्ये तयार होतात.

आउटलुक सुरूच होत नसल्यास ते सेफ मोडमध्ये उघडून पाहिले जाते. त्यात अ‍ॅड-इन बंद राहतात. तेथे आउटलुक सुरळीत चालल्यास दोष सहसा एखाद्या अ‍ॅड-इनमध्ये असतो. ३२-बिट आउटलुकसाठी बनवलेले अ‍ॅड-इन ६४-बिट आवृत्तीत चालत नाहीत.

दुरुस्ती व सुरक्षितता

बिघडलेल्या फाइलसाठी ऑफिससोबत 'इनबॉक्स रिपेअर टूल' मिळते. दुरुस्तीत काही नोंदी गमावण्याची शक्यता असल्यामुळे आधी आउटलुक बंद करून फाइलची प्रत घेणे आवश्यक असते.

पॉप पद्धतीच्या खात्यात ईमेल संगणकावर उतरवून सर्व्हरवरून काढून टाकले जाऊ शकतात. अशा वेळी पीएसटी फाइल ही त्यांची एकमेव प्रत ठरते. ती पुसली गेल्यास नव्याने खाते जोडूनही जुना पत्रव्यवहार परत मिळत नाही. एक्स्चेंज खात्यातील ईमेल मात्र सर्व्हरवर असतात व संगणकावर त्यांची प्रत ओएसटी फाइलमध्ये राहते. त्यामुळे ते पुन्हा उतरवून घेता येतात.