दुखत नसताना तपासणी

दुखणेकऱ्याने दवाखान्यात जावे, ही आपल्याकडची रीत. पण काही दुखत-खुपत नसलेल्या बाईने शेतातले काम टाकून तपासणीला जावे, आणि तीही अशी तपासणी की जिचे नाव घरात उघडपणे काढता येत नाही! हे ज्या हजारो बायकांनी केले, त्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या. त्यांची हकीकत आज सांगायची आहे.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा सावकाश चालणारा रोग. आधी तिथल्या पेशी बदलतात. त्याचा कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. तेवढ्या अवधीत बदल सापडला, तर थोडक्या उपचारात भागते. पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची युक्ती डॉ. पापानिकोलाऊ यांनी अमेरिकेत १९४१ साली मांडली, आणि पुढे श्रीमंत देशांत हा रोग हटत गेला. आपल्या खेड्यांत मात्र ती काच वाचणारा तज्ज्ञ कुठून आणायचा?

१९८७ साली बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रोगी आपणहून येत नाहीत, म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव हिंडत, आणि हिंडता हिंडता बोलत: पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, मधेच अंगावरून जाऊ लागले, तर अंगावर काढू नका, दाखवा. थोड्याच वर्षांत बायका रोगाच्या अलीकडच्या अवस्थेत येऊ लागल्याचे नोंदींत दिसले. यंत्र नाही, औषध नाही, नुसते बोलणे! मला स्वतःला या सगळ्या हकिकतीत हेच पान मोलाचे वाटते.

मग १९९९ साली मोठे काम निघाले. मुंबईचे टाटा रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यांत आल्या. काही गटांत पापानिकोलाऊंची तपासणी, काहींत पातळ ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यातले आम्ल, लावून पांढरा डाग उठतो का ते पाहणे, तर काहींत हा रोग उत्पन्न करणाऱ्या एच.पी.व्ही. विषाणूचा शोध. तिसऱ्या प्रकारात बोलावलेल्या दर पाच बायकांपैकी जवळजवळ चार जणी आल्या. ही हजेरी लहान नव्हे.

निकाल २००९ साली छापून आला. विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटांत, सुमारे चौतीस हजार बायकांमागे, आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या गटांत साडेएकतीस हजारांमागे ६४. दुसऱ्या दोन पद्धतींनी इथे तितका फरक पडला नाही. (मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मात्र आम्लाची तपासणी वरचेवर केली, तेव्हा मृत्यू सुमारे एकतीस टक्क्यांनी घटल्याचे २०१४ साली दिसले. तेव्हा ती पद्धत टाकाऊ म्हणता येत नाही.)

ते ६४ मृत्यू मनाला टोचतात. तुलनेसाठी एक गट तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे डॉक्टरांत कडाक्याचा वाद झाला. खेड्यांत अशी तपासणी मुळी नव्हतीच, तेव्हा त्यांचे काही काढून घेतले नाही, असे एका बाजूचे म्हणणे. ते खोटे नाही, पण मला पुरेसे वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली विषाणूच्या तपासणीला पहिली पसंती दिली. त्या निर्णयामागच्या आकड्यांत या बायकांचाही हिशेब आहे.

आणि आपल्याकडे? तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी आम्लाची तपासणी व्हावी, असे सरकारने २०१६ साली ठरवले. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत दोघींचीही अशी तपासणी कधी झालेली नव्हती. शिक्षकमंडळींनी पालकसभेत एवढेच सांगावे: तपासणी काही मिनिटांची आहे, भूल द्यावी लागत नाही, सरकारी केंद्रात पैसे पडत नाहीत. कोणत्या दिवशी जायचे, ते गावच्या आशाताईंना विचारावे.