घरगुती संगणकाची दुरुस्ती व मदत (कोल्हापूर)

घरातला संगणक सुरू होईनासा झाला, अडखळू लागला किंवा त्यातले कागदपत्र सापडेनासे झाले, की घरच्यांनी मागितलेली आणि त्यांना मिळणारी मदत. कोल्हापुरात ही मदत ठरलेल्या वाटेने येते. आधी घरातला किंवा भावकीतला इंजिनिअरिंगचा मुलगा, मग ओळखीचा दुरुस्तीवाला, त्यानंतर मशीन घेतले ते दुकान आणि अगदीच नाइलाज झाला तर कंपनीचे सेवा केंद्र. संगणकाला इथे बोलताना ‘मशीन’ किंवा ‘पीसी’ म्हणतात. तो ‘हँग मारतो’, ‘डिस्प्ले देईना’ होतो, ‘चालू हुईना’ होतो. त्याला ‘विंडोज मारतात’, ‘फॉरमॅट मारतात’ आणि पुष्कळदा त्यातच ‘डेटा उडतो’. या धंद्याची बरीच हकीकत या चार क्रियापदांतच आली.

यंत्र उघडून बघायचे भय कोल्हापूरला कधी नव्हते. बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास देशी कॅमेरा इथेच घडवला. शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांत न शिकलेल्या मेस्त्रीने बिघडलेले इंजिन आवाजावरून ओळखावे, ही गोष्ट नवलाची मानली जात नसे. संगणक दुरुस्त करणाऱ्याला मात्र ‘मेस्त्री’ ही पदवी मिळाली नाही. तो ‘सर’ झाला, नाहीतर नुसताच ‘कॉम्प्युटरवाला’. याचे एक कारण शिकवणीच्या वर्गांत आहे. देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी त्याचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम आला. सरकारी नोकरीसाठी हे प्रमाणपत्र लागू लागल्यावर गल्लोगल्ली वर्ग निघाले, आणि वर्गात शिकवणारे सरच आजूबाजूच्या घरांचे पहिले मदतनीस झाले. या अभ्यासक्रमाने लाखोंना संगणक वापरायला शिकवले. तो उघडायला शिकवणे हे त्याचे काम नव्हते, आणि ती उणीव अजून जाणवते.

दुरुस्तीच्या टेबलावरून मोठा उद्योग उभा राहिल्याचे मराठी उदाहरण जवळच्याच जिल्ह्यातले आहे. साताऱ्यातील रहिमतपूरचे कैलाश काटकर यांनी पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि पुढे संगणक दुरुस्तीला घेतले. गिऱ्हाइकांची मशिने व्हायरसने सारखी परत येऊ लागली, तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिला. त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीने २००७ मध्ये ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ हे नाव घेतले आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली.

फॉरमॅट. घरगुती दुरुस्तीतला सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत जास्त नुकसान करणारा उपाय. दुरुस्तीवाल्याच्या बाजूने पाहिले तर त्यात तथ्य आहे. बिघाड नेमका कशाने झाला हे शोधायला तीन तास लागू शकतात, आणि त्या शोधाचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. नवे विंडोज तासाभरात बसते आणि मशीन पळायला लागलेले डोळ्यांना दिसते. घोळ होतो तो ‘डी ड्राइव्हला हात लावत नाही, काळजी करू नका’ या वाक्यात. हे वाक्य खरे असते, पण अपुरे. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स या तिन्ही जागा नेहमीच्या मांडणीत सी ड्राइव्हवरच असतात, आणि माणसे नेमकी तिथेच सगळे ठेवतात: मुलीच्या लग्नाचे फोटो, सातबाऱ्याची पीडीएफ, विवरणपत्रांच्या पावत्या. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटाही बहुधा सी मध्येच असतो, आणि घरून दोन-चार दुकानांचे हिशेब लिहिणाऱ्या बाईंना ते मार्चअखेरीस कळते.

फॉरमॅटनंतर लगेच लक्षात आले तर मशीन तिथल्या तिथे बंद करावे. जुन्या चकतीच्या हार्ड डिस्कवर झटपट फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर जागेवर राहतो. वर नवे काही लिहिले गेले नसेल तर तो परत काढता येतो. एसएसडीवर ही आशा धरू नये. तिथे ‘ट्रिम’ नावाची सोय मोकळ्या झालेल्या जागा स्वतःहून साफ करते, आणि एकदा ते झाले की पुण्या-मुंबईची प्रयोगशाळाही हात टेकते. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ड्राइव्ह आपोआप कुलूपबंद होतो. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये फेरफार झाला, की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागते. मशीन सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला, त्या खात्यात ती जपलेली असते. ते खाते दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने उघडून दिले असेल तर प्रश्न तंत्रज्ञानाचा राहत नाही, त्या दुकानदाराला गाठण्याचा होतो.

फॉरमॅटविना सुटणारे पण फॉरमॅटनेच सोडवले जाणारे बिघाड कितीतरी आहेत. झेरॉक्स सेंटरमधून आलेल्या पेन ड्राइव्हमध्ये सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसतात; अशा वेळी मूळ फोल्डर आतच असतात, व्हायरसने त्यांना फक्त लपवलेले असते, आणि ‘अ‍ॅट्रिब’ या एका आज्ञेने ते पुन्हा दिसू लागतात. कुठलेच संकेतस्थळ उघडेना आणि प्रत्येक ठिकाणी सुरक्षेचा इशारा येत असेल, तर आधी कोपऱ्यातली तारीख बघावी. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाची नाण्याएवढी, तीन व्होल्टची बॅटरी असते. ती संपली की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि आजची प्रमाणपत्रे मशीनला भविष्यातली वाटून ते ती नाकारते. घड्याळाच्या दुकानातही ही बॅटरी मिळते. संगणक मंद झाल्याची तक्रार सर्वांत मोठी, आणि तिचे उत्तर बहुतेक वेळा सुट्या भागात असते: चकतीची हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे मेगाबाइट वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास. आठ वर्षांचे मशीनही त्या एका बदलाने सुधारते.

वीज आणि अर्थिंग. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ या जुन्या भागांतल्या घरांत ‘कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात’ ही तक्रार नेहमीची आहे. घरचे म्हणतात संगणकात शॉर्ट झाला. प्रत्यक्षात संगणक ठीक असतो, भिंतीत अर्थिंग नसते. एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांतून पत्र्याकडे एकेक कपॅसिटर जोडलेला असतो. अर्थची तार असेल तर तो किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. ती नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट उभे राहतात. प्रवाह अगदी थोडा असल्याने जीव जात नाही, पण यूएसबी पोर्ट आणि प्रिंटर मात्र यात हकनाक जळू शकतात. तीन पिनांची कॉर्ड दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरवर चढवली, तर चांगले अर्थिंग असलेल्या घरातही हेच होते. इथे कॉम्प्युटरवाल्याला बोलावून उपयोग नाही, वायरमनला बोलवावे. दुरुस्तीवाला जाणता असेल तर तो कॅबिनेट उघडण्याआधी न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजतो. मोजमापाचे यंत्र न आणता थेट एसएमपीएस बदलायला सांगणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलवू नये. यूपीएस हा २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत घराघरांत आला. त्यातली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत म्हातारी होते, आणि वीज जाताच मशीन बंद पडू लागते. अशा वेळी बॅटरी बदलली की भागते, नवा यूपीएस लागत नाही.

मराठी अक्षरे. हा बिघाड इंग्रजी मदतपुस्तिकांत सापडत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी माणूसच लागतो. जुनी फाइल उघडावी तर मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा पसारा दिसतो. फाइल खराब झालेली नसते. ती पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत, सी-डॅकच्या आयएसएममध्ये, आकृतीत किंवा कृतिदेवमध्ये टंकलेली असते. या पद्धतींत इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर देवनागरी आकार बसवलेले होते. तो फाँट नव्या मशीनवर नसला की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. युनिकोडने देवनागरीला स्वतःच्या जागा दिल्या आणि हा घोळ पुढच्यापुरता मिटला. जुन्यासाठी दोन वाटा आहेत: तोच फाँट मिळवून बसवणे किंवा परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणणे. दुसरी वाट बरी, मात्र रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात. लग्नपत्रिका छापणारे, वकील आणि संस्थांचे अहवाल लिहिणारे यांच्याकडे वीस-पंचवीस वर्षांचा असा मजकूर पडून आहे. फॉरमॅट करताना फाँट गेले की त्यांच्या लेखी सगळाच मजकूर गेला.

मराठी अक्षरांचाच दुसरा प्रश्न ‘ऱ्य’चा. हिंदीच्या अंगाने बनलेल्या टंकलेखनाच्या सोयींत पुढाऱ्यांचे ‘पुढार्यांचे’ होते आणि पत्र तसेच सहीला जाते. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून जे ही कळ दिली की नुक्त्याचा ऱ मिळतो. त्यापुढे हलन्त आणि य. एवढे एकदा दाखवले की माणूस जन्मभर विसरत नाही.

प्रिंटरबद्दल थोडक्यात: पावसाळ्यात कागद दमट होऊन अडकतो, आणि उन्हाळ्यात महिनाभर न वापरलेल्या शाईच्या प्रिंटरचे तोंड सुकते. आठवड्याला एक रंगीत पान काढावे.

फसवी मदत. पडद्यावर अचानक भोंगा वाजतो, ‘तुमचा संगणक बंद करण्यात आला आहे’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना येते आणि खाली फोन नंबर असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांत फोन नंबर कधीच नसतो, आणि ती कंपनी आपण न विचारता घरी फोनही करत नाही. अशा वेळी ब्राउझर बंद करावा. बंद होत नसेल तर मशीन बंद करावे. पलीकडचा माणूस एनीडेस्कसारखे दूरनियंत्रणाचे साधन बसवायला सांगतो आणि मग बँकेचे खाते उघडायला लावतो. रिझर्व्ह बँकेने याबद्दल फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. हेच साधन ओळखीचा दुरुस्तीवालाही वापरतो, पुण्याला नोकरी करणारा मुलगाही त्यावरूनच आईचा प्रिंटर जोडून देतो. तेव्हा दोष साधनाचा नाही, फोन कोणी कोणाला केला हे पाहायचे. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच तक्रार करावी. पहिल्या काही तासांतच रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. संगणकात शिरलेले उपद्रवी प्रोग्राम काढण्याची मोफत साधने केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडे २०१७ पासून मिळतात. ती फारशी कोणी वापरत नाही.

विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, म्हणून चांगली चालणारी अनेक मशिने एका दिवसात ‘जुनी’ ठरली. दुकानात ही अट बगल देऊन ११ बसवून मिळते. ते चालते, पण पुढची दुरुस्ती मिळेलच याची हमी कंपनी देत नाही. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार न केलेले बरे.

दुरुस्तीचे पक्के बिल घ्यायचा रिवाज कोल्हापुरात कमी. ओळखीत बिल कसे मागायचे, असा संकोच असतो. बदललेल्या भागाची हमी मात्र त्या कागदावरच उभी असते. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. त्याआधी १९१५ या क्रमांकावर विचारता येते. मशीन दुकानात देताना मॉडेल आणि अनुक्रमांक, आतली रॅम व डिस्क किती याचा फोटो काढून ठेवावा. ‘दादा, आधी डेटा काढून ठेवा, मग काय ते करा’ हे वाक्य तोंडी न सांगता जॉबकार्डवर लिहून घ्यावे.

पाऊस आणि पूर. जूनपासून चार महिने हवेतला ओलावा रॅमच्या सोनेरी दातांवर थर धरतो. मशीन सुरू होताना पंखा फिरतो, पडदा काळा राहतो, कधी बीप वाजतात. रॅम काढून साध्या खोडरबराने दात घासून परत बसवल्यास पुष्कळदा काम होते, आणि हे घरी करण्याजोगे आहे. वीज काढलेली हवी आणि हाताने आधी कॅबिनेटच्या पत्र्याला स्पर्श केलेला हवा. रोज अर्धा तास मशीन चालू ठेवणे हाही उपायच.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत पंचगंगा नदीची पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्कच्या सखल भागांत तळमजले बुडाले. घरचे संगणक बुडाले आणि दुरुस्तीची दुकानेही. पुराच्या पाण्यात गेलेले मशीन ‘लागते का बघू’ म्हणून लावणे ही सर्वांत मोठी चूक. मदरबोर्ड स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवला तर कधी कधी जगतो. हार्ड डिस्कचे तसे नाही. तिला हवेसाठी बारीक छिद्र असते, त्यातून गाळाचे पाणी आत जाते आणि वाळल्यावर तो गाळ चकतीवर घट्ट बसतो. म्हणून आतला मजकूर हवा असेल तर ती न वाळवता, ओली असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा काढणाऱ्याकडे पाठवावी. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. कॅबिनेट माळ्यावर न्यायचे ते ३९ ला.