बटाट्याचे रोग-कीडप्रतिकारक प्रजनन

बटाट्याचे रोग-कीडप्रतिकारक प्रजनन : आनुवंशिक गुणांमुळे रोग व किडी यांना तोंड देऊ शकतील असे बटाट्याचे वाण संकरण व निवड यांच्या साहाय्याने निर्माण करण्याची पद्धती. बटाट्याची लागवड सामान्यतः बियांपासून न करता कंदांपासून करतात. त्यामुळे एका वाणाची सर्व झाडे आनुवंशिक दृष्ट्या सारखी असतात व एका झाडाला घातक असलेला रोग सबंध पिकाचा नाश करू शकतो.

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशातून सोळाव्या शतकात यूरोपात आलेल्या बटाट्यांत आनुवंशिक विविधता फार थोडी होती. १८४५ मध्ये फायटॉप्थोरा इन्फेस्टान्स या कवकसदृश सूक्ष्मजीवामुळे होणारा करपा रोग यूरोपात पसरला. आयर्लंडमधील गरीब जनता मुख्यत्वे ‘लंपर’ या एकाच वाणावर अवलंबून होती. तेथे पडलेल्या दुष्काळात सु. १० लाख लोक मरण पावले आणि जवळजवळ तितक्याच लोकांनी देशत्याग केला. १८८५ मध्ये बोर्डो मिश्रणाचा शोध जाहीर झाला व पुढे ते करप्यावरही वापरात आले; तथापि वारंवार फवारणी करणे खर्चाचे असल्याने मूळ झाडातच प्रतिकारशक्ती आणण्याची निकड कायम राहिली.

इंग्लंडमध्ये रेडक्लिफ सॅलमन यांनी १९०६ मध्ये बटाट्याच्या आनुवंशिकीचा अभ्यास सुरू केला. मेक्सिकोतील सोलॅनम डेमिसम ही वन्य जाती व तिच्यापासून झालेले संकरज यांत करप्याला प्रतिकार असल्याचे त्यांना आढळले. १९२५ पासून न्यिकलाय व्हाव्हिलॉव्ह यांच्या प्रेरणेने रशियन शास्त्रज्ञांनी लॅटिन अमेरिकेतून अनेक वन्य व लागवडीतील जाती गोळा केल्या. डेमिसमचे संकरज लागवडीतील वाणांशी पुनःपुन्हा संकरित करून प्रतिकारक वाण तयार करण्यात आले. या जातीतील प्रतिकाराची ११ जनुके कालांतराने ओळखण्यात आली. परंतु प्रत्येक जनुकावर मात करणारे रोगकारकाचे नवे प्रभेद निर्माण होत गेले. जर्मनीतील प्रतिकारक वाणांवर तर १९३० नंतरच्या दशकातच करपा पडू लागला.

या अनुभवातून प्रजननाची दिशा बदलली. व्हॅन डर प्लँक यांनी १९६३ मध्ये ‘उभा’ व ‘आडवा’ प्रतिकार असा भेद मांडला. उभा प्रतिकार ठराविक प्रभेदांपुरता पूर्ण, पण अल्पजीवी असतो. आडवा प्रतिकार बहुधा अनेक जनुकांवर आधारलेला असून अपूर्ण, पण अधिक टिकाऊ असतो. मेक्सिकोतील तोलूका खोऱ्यात रोगकारकाची विविधता विपुल असल्याने नव्या वाणांची तेथे कसोटी घेण्यात येऊ लागली.

किडींच्या बाबतीतही हाच धडा मिळाला. सोनेरी सूत्रकृमी झाडाच्या मुळांवर जगतो. त्याला रोखणारे जनुक अँडीजमधील बटाट्यातून घेऊन ब्रिटनमध्ये १९६६ मध्ये ‘मॅरिस पायपर’ हा वाण प्रसारित झाला. सोनेरी सूत्रकृमीला त्यामुळे आळा बसला. मात्र या जनुकाचा परिणाम न होणारी फिकट सूत्रकृमीची जाती त्या देशात फोफावली.

भारतात केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटणा येथे स्थापन झाली व १९५६ मध्ये ती सिमल्यास हलविण्यात आली. तिने १९६८ मध्ये प्रसारित केलेला ‘कुफरी ज्योती’ हा करपा-प्रतिकारक वाण देशभर लोकप्रिय झाला. पण पुढे त्याची प्रतिकारशक्ती क्षीण झाली. निलगिरीत १९६१ मध्ये सूत्रकृमी आढळल्यानंतर दोन्ही जातींना प्रतिकार करणारा ‘कुफरी स्वर्ण’ हा वाण १९८५ मध्ये, तर करप्याला प्रतिकार करणारा ‘कुफरी गिरधारी’ हा वाण २००८ मध्ये प्रसारित झाला.

सोलॅनम बल्बोकॅस्टॅनम या मेक्सिकन जातीतील व्यापक प्रतिकाराचे जनुक २००३ मध्ये वेगळे करण्यात आले. अशी जनुके थेट लागवडीतील वाणात घालता येत असली, तरी रोगकारकाची बदलण्याची क्षमता कायम असते. म्हणून एका जनुकावर विसंबण्याऐवजी अनेक जनुकांची एकत्र जुळणी करणे इष्ट ठरते. त्यासाठी लागणारे भांडवल म्हणजे वन्य जाती होत. १९७१ मध्ये पेरूतील लीमा येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रात त्यांचे जतन केले जाते. त्यांपैकी एखादी जाती नष्ट झाल्यास तिच्यातील प्रतिकारगुण कायमचे गमावले जातील.